एफ्राइनच्या वाटणीचं पाणी

मेलेल्या माणसाला तहान लागते, याबद्दल पोन्से शहराच्या किनाऱ्याकडच्या वस्तीत कधीच दुमत नव्हतं. कॅथलिक लोक दाराआड पाण्याचा पेला भरून ठेवतात. पेंटेकोस्टल पंथाचे लोक याला सैतानाचं काम म्हणतात. पेला त्यांच्याही घरात असतो, फक्त फ्रिजच्या मागे. पाणी रोज बदलायचं, जिवंत माणसाने त्याला तोंड लावायचं नाही, आणि पातळी उतरलेली दिसली की समजायचं, येऊन गेला.

एफ्राइन मात्र सकाळी सात ते दहा या वेळातच यायचा. जूनमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे दोन दिवस त्याच्या पेल्याकडे कुणी फिरकलं नाही, तर ते दोन्ही दिवस त्यालाही तहान लागली नाही. पेला भरणाऱ्या ओविदियोने हे पाहिलं होतं. त्याचा अर्थ लागायला आणखी चार महिने गेले, आणि तोही त्याला स्वतःला लागला नाही.

पेला होता तिसरीच्या वर्गात, खिडकीशेजारच्या फळीवर. शाळा सरकारने मुलं कमी झाली म्हणून बंद केली, मग भूकंपाने तिची मागची भिंत उघडी केली. आता तिथे रोज पंधरा-वीस जण न चुकता येतात. सरकारी शाळा असताना एवढी हजेरी नव्हती. नशा टोचून घ्यायच्या अशा जागेला त्या भागात 'छोटं इस्पितळ' म्हणतात. मोठं इस्पितळ गावात आहे, आणि छोट्यातून मोठ्यात माणसं जात असतात.

छोट्या इस्पितळाला डॉक्टर लागतो. वर्षानुवर्षं टोचून ज्यांच्या शिरा आत बुडाल्या, त्यांना स्वतःच्या हाताने शीर सापडत नाही. मग ज्याच्या बोटांना ती सापडते त्याच्यापुढे ते हात करतात. ओविदियोची बोटं तशी होती. डोळे मिटून तो मनगटावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "ही बघ, इथे लपलीय." मजुरी म्हणजे समोरच्याच्या पुडीतली चिमूटभर, तीही कोरडी. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. ती मिळाली नाही तर दुपारपर्यंत त्याची हाडं दुखायला लागत, आणि संध्याकाळी तो माणसात नसे.

त्याच्याआधी वर्गातल्या बाईंच्या जुन्या खुर्चीत एफ्राइन बसायचा. ओविदियोला सगळं त्यानेच शिकवलं. शीर शोधण्याआधी तो हाताला पुदिन्याच्या वासाचं स्पिरिट चोळायचा; आज्या डोकेदुखीवर कपाळाला लावतात ते. फेब्रुवारीत त्याचं पोट ढोलासारखं फुगलं, डोळे पिवळे झाले. तो वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर पडून असायचा. एका सकाळी तो म्हणाला, "पाणी दे रे." ओविदियोच्या हातात तेव्हा रोज येणाऱ्या लुस देलियाचा पाय होता, आणि घोट्याजवळची शीर नुकतीच सापडली होती.

"एक मिनिट," ओविदियो म्हणाला.

मिनिटभराने तो वळला तेव्हा पाण्याची गरज उरली नव्हती.

त्या दिवसापासून फळीवर पेला आला. शाळेच्या नळाला कॉफीच्या रंगाचं पाणी येतं, म्हणून ओविदियो दुकानातून विकतची बाटली आणायचा आणि रोज सकाळी सातला पेला काठोकाठ भरायचा. बाकीचे आपापलं पाणी आणत, कुणी पेट्रोलपंपाच्या नळाचं, कुणी पत्र्यावरून पिंपात पडलेलं. त्या इमारतीत पिण्यालायक पाणी जे काही होतं, ते एका मेलेल्या माणसाच्या नावावर होतं.

आणि ते उतरायचं. कधी दोन बोटं, कधी चार. वर्गात कुणी त्यावर बोलायचं नाही. ओविदियोची पाठ फळीकडे असायची. हातातल्या शिरेवरून नजर काढता येत नाही. पण मधूनच त्याला मागे पुदिन्याचा वास यायचा, खुर्ची आपोआप करकरायची, आणि काम संपवून तो वळायचा तर पेला अर्ध्यावर आलेला असायचा. त्याला भीती वाटायची. बरंही वाटायचं. पितोय, म्हणजे अजून बोलत असेल आपल्याशी.

सप्टेंबरमध्ये वितिन पिवळा झाला.

वितिन चाळिशीचा, पूर्वी गाड्यांना रंग मारायचा. एका सोमवारी तो वर्गात आला तो डोळ्यांसकट हळदीसारखा. त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे कावीळ म्हणाले, पुढे तपासलं तर हेपटायटिस सी. त्याच आठवड्यात दर मंगळवारी नव्या सुया वाटणाऱ्या गाडीत लुस देलियाने बोट टोचून तपासून घेतलं. तिचंही तेच निघालं. मग माचुकाचं. ते दोघं पिवळे नव्हते, त्यांना काहीही होत नव्हतं. वर्गाला याचीच जास्त भीती वाटली.

"जुना डॉक्टर बोलावून घेतोय एकेकाला," माचुका म्हणाला. तो सहा फुटी, एके काळी गोदीत हमाल, आणि आवाज मात्र चर्चमधल्या बाईसारखा हळू. "तहानलेला गेला ना तो."

"गप रे," लुस देलिया म्हणाली. "बोलवायचं तर ओविदियोला आधी बोलवेल. पाणी मी नव्हतं नाकारलं."

"तुझाच पाय होता, लुस देलिया."

"पाय माझा होता. तोंड याचं होतं."

ओविदियो आपल्या पद्धतीने हिशोब लावत होता. फळ्यावर त्याने स्वतःच्या हाताने चार नियम लिहिले होते: सुई ज्याची त्याची. माल विरघळवायचं झाकण ज्याचं त्याचं. गाळायचा कापूस ज्याचा त्याचा. पाणी ज्याचं त्याचं. हे नियम पाळले जात होते. तो पाहत होता. जिवंत माणसांकडून रोग यायला वाटच ठेवली नव्हती. मग राहिला कोण?

त्यापुढचा प्रश्न तो मनातही पुरता विचारत नसे. स्वतः तपासून घ्यायचं का? नाही निघालं तर काही नाही. पण निघालं तर? ज्याच्या बोटांत रोग आहे असं कळलं, त्याच्यापुढे कोण हात करील? रोग रक्तात असतो, बोटांत नसतो, हे वर्गात कुणाला ठाऊक होतं? आणि एकाने हात मागे घेतला की सगळे घेतात. मग चिमूट नाही, आणि दुपारपासून हाडं. मंगळवारी गाडी आली की तो सुयांचा डबा घ्यायचा आणि काहीतरी निमित्त काढून सटकायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी गाडी नेहमीसारखी नुसती दाराशी उभी राहिली नाही. गाडीच्या प्रमुख नेरेइदा, ज्यांना सगळे आदराने दोन्या म्हणत, स्वतः उतरून वर्गात आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कानात मोठाली डुलं, हातात फॉर्म लावलेली पाटी. वीस वर्षांपूर्वी त्या अशाच एका वर्गात टोचून घ्यायला बसायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांच्याशी खोटं बोलताना लोक जास्त काळजी घेत. बरोबर एक तरुण नर्स होती. ती दारातच उभी राहिली.

"एका खोलीतून तीन जण," नेरेइदा पहिल्या ओळीतल्या बुटक्या बाकावर बसत म्हणाल्या. "मला समजून घ्यायचंय. ओविदियो, सुई?"

"ज्याची त्याची, दोन्या. तुम्हीच तर देता."

"झाकण? कापूस?"

"फळ्यावर लिहिलंय."

"फळा मी वाचला. या फळ्यावर पूर्वी पाढेही असायचे. ते किती जणांना येतात?"

माचुकाने हात वर केला आणि मग खाली घेतला.

"पाणी?" नेरेइदांनी विचारलं.

"आपापलं," चार जण एकदम म्हणाले.

नेरेइदांनी फॉर्मवर खूण केली. "या रोगाला एक थेंब पुरतो, हे माहीत आहे ना? दिसणार नाही एवढं रक्त. सुईवरून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या सुईत. आठवडेच्या आठवडे तग धरतो तो. हे सांगितलंय मी तुम्हाला."

"दहा वेळा," लुस देलिया म्हणाली. "म्हणून तर आपापलं."

तोवर माचुकाची पाळी आली होती. त्याने खिशातून सिरिंज काढली, उठून फळीपाशी गेला, छातीवर क्रूस काढला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, सिरिंज एफ्राइनच्या पेल्यात बुडवली, थोडं पाणी ओढलं आणि परत येऊन जागेवर बसला.

नेरेइदांचं पेन थांबलं.

"ते काय होतं?"

"काय?" माचुका म्हणाला.

"त्या पेल्यातून पाणी घेतलंस तू."

"थोडंसं. त्याला विचारून घेतलं."

"सिरिंज नवी आहे?"

"माझीच आहे."

"माझीच म्हणजे कधीची?"

"कालची. पण कालही माझीच होती, दोन्या."

"आणखी कोण घेतं त्यातून?"

वर्ग फळ्याकडे बघायला लागला. मग लुस देलिया नाक पुसत म्हणाली, "कधीतरी. आपलं पाणी गढूळ असलं तरच." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "स्वच्छ असतं ते. विकतचं." आणखी एक म्हणाला, "वितिन तर रोजच घ्यायचा. म्हणायचा, डॉक्टरच्या पाण्याने शीर पटकन सापडते."

"म्हणजे पाणी वाटून घेता तुम्ही."

"नाही," माचुका दुखावून म्हणाला. "आम्ही एकमेकांच्या पाण्याला शिवत नाही. हे एफ्राइनचं आहे."

"एफ्राइन मेलाय."

"म्हणून तर."

नेरेइदांनी डोळे मिटले आणि क्षणभर तशाच बसल्या. आयुष्यभर त्यांनी पत्रकं छापली होती, चित्रांची, मोठ्या अक्षरांची. त्यात मेलेल्यांच्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती.

ओविदियो फळीकडे बघत होता. पेला अर्ध्यावर होता. आठ महिने तो पाठीमागे जे ऐकत आला होता ती माणसांची पावलं होती. खुर्ची करकरायची ती तिच्या पाठीला धक्का देऊन लोक फळीपाशी जायचे म्हणून. पुदिन्याचा वास कशाचा, हे मात्र त्याला तेव्हाही कळलं नाही. स्पिरिटची बाटली एफ्राइनबरोबर शवपेटीत गेली होती.

आणि एक गोष्ट वर्गातल्या कुणाला माहीत नव्हती. रोज सकाळी सातला, कुणी यायच्या आधी, पेला भरला की पहिली सिरिंज त्यात ओविदियोच बुडवायचा. दोघांनी मिळून घेतल्यासारखं व्हावं म्हणून. "घे, आधी तू," असं तो एफ्राइनला म्हणायचा, आणि मग आपलं घ्यायचा. सिरिंज कालचीच असायची. नव्या सुया तो लोकांसाठी राखून ठेवायचा. डॉक्टर होता ना.

"ओविदियो," नेरेइदा म्हणाल्या, "हात दे."

"आज नको, दोन्या. पोट बिघडलंय."

"मी बोट मागतेय."

"पुढच्या मंगळवारी."

"पुढच्या मंगळवारी तुझी आजी मरेल. गेल्या महिन्यात दोनदा मेली." त्यांनी आवाज खाली आणला. "मला माहीत आहे तू कशाला भितोस. मीही तीन वर्षं भ्यायले. त्या तीन वर्षांत हा रोग मी आणखी कुणाकुणाला दिला, ते मला अजून माहीत नाही. त्यातले दोघं अधूनमधून येऊन बसतात माझ्या पलंगावर. पाणी नाही मागत. नुसते बसतात."

ओविदियोने बोट पुढे केलं.

वीस मिनिटं लागतात. पट्टीवर आधी एक रेघ येते, ती सगळ्यांनाच येते. दुसरी आली तर रोग अंगाला शिवून गेलाय. ओविदियोने पट्टीकडे पाठ केली आणि त्या वीस मिनिटांत तिघांच्या शिरा शोधल्या. नेरेइदांनी त्यांना गाडीतल्या बंद बाटल्या दिल्या, आणि पेला उचलून खिडकीबाहेर ओतला. बाहेरची माती ओली झाली. ओविदियोला वाटलं, ती अंमळ जास्तच भराभर पाणी पितेय.

दोन रेघा आल्या.

"शिवून गेलाय की मुक्कामाला आहे ते शिरेतल्या रक्तात कळेल," नेरेइदा म्हणाल्या, आणि नर्सला खूण केली.

नर्स चांगल्या कॉलेजात शिकलेली होती. तिने डाव्या हाताला दोनदा टोचलं, उजव्याला तीनदा, मग घाम पुसला. "यांना शिराच नाहीत," ती म्हणाली.

"आहेत," ओविदियो म्हणाला. "तुम्हाला ओळख दाखवत नाहीत एवढंच. आणा इकडे."

त्याने तिच्या हातून नवी सुई घेतली, डोळे मिटले, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला अंगठा फिरवला. वर्गात पुन्हा पुदिन्याचा वास आला. या वेळी माचुकानेही मान वर केली. पहिल्याच खेपेला नळीत रक्त चढलं.

"मग माझंही यालाच काढू द्या," लुस देलिया बाही सरकवत पुढे आली. "दुसरी चाचणी मी रोगाला भिऊन नाही टाळली. तुमच्या या शिकलेल्या पोरींना भिऊन टाळली. मागच्या खेपेला मानेपर्यंत पोचल्या होत्या."

तिच्यामागे माचुका उठला. मग बाकीचे. नर्स नेरेइदांकडे बघू लागली. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. नेरेइदा खिडकीतून समुद्राकडे बघत राहिल्या. त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. तासाभरात अकरा नळ्या भरल्या, दर नळीला नवी सुई, आणि नर्सने प्रत्येकीवर नाव चिकटवलं.

दोन आठवड्यांनी नेरेइदांनी ओविदियोला एकट्याला गाडीत बोलावलं.

"वितिन धरून सात जणांच्यात आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यातही."

ओविदियोने मान हलवली. हे त्याला कळलेलंच होतं. "एफ्राइनकडून आला?"

"मेलेल्याची फाइल उघडायची नसते."

"बरं."

त्यांनी डूल चाचपलं. "एफ्राइनला होता. पाच वर्षांपूर्वी गोळ्या घेतल्या त्याने, आमच्याकडूनच. रोग पार गेला. लिव्हर तोवर खराब झालं होतं, राहिलेलं रमने संपवलं. तो मेला तेव्हा त्याच्यात हा विषाणू नव्हता."

गाडीच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. "बोलला नाही कधी," ओविदियो म्हणाला.

"मी म्हटलं होतं, सांग त्यांना, बाकीचेही येतील तपासायला. म्हणाला, कळलं तर कोण हात पुढे करील?"

"मग पेल्यात कुणाचा आला?"

"ते चाचणीत येत नाही."

तो उतरून वर्गापर्यंत चालत आला. अंतर चाळीस पावलांचं, पण त्याला वेळ लागला. तो खुर्चीत बसला नाही. फळ्यापाशी उभा राहिला. वितिनही परत आला होता, आता फिकट, नवा पायजमा घालून.

"माझ्यात आहे तो," ओविदियो म्हणाला. "आणि पेल्यातून सकाळी पहिलं पाणी मी घ्यायचो. तुम्ही सगळे यायच्या आधी. जुन्या सुईने. एफ्राइनने काही केलेलं नाही. त्याच्यात तो नव्हताच."

बाहेर कोंबडा आरवला. त्या वस्तीत कोंबडे वेळ बघत नाहीत. ओविदियो वाट बघत होता. वितिन आपल्या हाताकडे बघत होता. माचुकाचे ओठ हलत होते. मग लुस देलिया लंगडत पुढे आली, बाकावर बसली आणि पाय त्याच्या खुर्चीवर ठेवला.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "मला सकाळपासून कसंतरी होतंय. सुई नवी घे."

दुसरा कुणी शीर शोधणारा त्या वस्तीत नव्हता. क्षमा केली की नाही हा प्रश्न वर्गात नंतरही कुणी काढला नाही. वितिन आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, पण हात रोज पुढे केला.

गोळी दिवसाला एक, बारा आठवडे. सातही जण ती शाळेतच घेतात, ओविदियोसमोर, कारण घरी हरवते, आणि काहींना घरच नाही. प्रत्येकाची बाटली वेगळी, तिच्यावर नाव. फळ्यावर चौथ्या नियमाखाली ओविदियोने पाचवी ओळ लिहिली: मेलेल्याचंही पाणी ज्याचं त्याचं.

पेला पुन्हा फळीवर आहे. तो काढून टाका असं नेरेइदा म्हणाल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन आहेत. लुस देलियाने एक काठ उडालेली बशी आणली, ती त्याच्यावर झाकलेली असते. ओविदियो अजून रोज सातला पाणी बदलतो. बदलण्याआधी पेला उजेडात धरतो. काचेवर त्याने पेनाने रेघ मारून ठेवली आहे, काल पाणी कुठवर होतं ते कळावं म्हणून.

बशी ठेवल्यापासून पाणी रेघेवरच आहे.